सागल ते लाहोर : पंजाबचे राज्यकर्ते आणि गावकुसाबाहेरचा पंजाब

औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नागसेनवनात ज्यांचे शिक्षण झाले, त्यांच्या मनात 'मिलिंद' हे नाव प्रथम महाविद्यालयाचे म्हणून उमटते व राजाचे म्हणून नंतर. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाला एका ग्रीक राजाचे नाव दिले आणि त्या परिसराला त्या राजाला वादात निरुत्तर करणाऱ्या भिक्खूचे नाव दिले, ही गोष्ट आपल्या सभासंमेलनांतून नेहमी सांगितली जाते. परंतु हा मिलिंद राज्य कोठे करीत होता आणि ज्या प्रजेवर तो राज्य करीत होता तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मिलिंद हा पंजाबचा राजा होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील शाकल. विद्वान तिची ओळख आज पाकिस्तानात असलेल्या सियालकोटशी पटवितात.

पंजाबचा इतिहास म्हणजे स्वाऱ्यांचा इतिहास, अशी एक समजूत शालेय पुस्तकांनी रूढ केली आहे. इराणी आले, ग्रीक आले, शक, कुशाण, हूण, तुर्क, मोगल, अफगाण व शेवटी इंग्रज आले. झेलम, चिनाब, रावी, बिआस आणि सतलज या पाच नद्यांच्या प्रदेशातील जनता जणू नुसती वाटेवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या फौजा मोजीत होती! हा इतिहास सिंहासनाकडे तोंड करून लिहिलेला आहे. गावाच्या वेशीबाहेर ज्याचे घर आहे त्याने तो वाचला तर त्याच्या मनात दोनच प्रश्न उभे राहतात. नव्या राजाच्या काळात जमीन कोणाची झाली? आणि त्या राजासमोर उभे राहून बोलण्याचा अधिकार कोणाला होता? या दोन प्रश्नांच्या आधारे पंजाबच्या दोन-अडीच हजार वर्षांकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वैदिक संस्कृतीची जन्मभूमी म्हणून ज्या सप्तसिंधूचा गौरव केला जातो, तोच प्रदेश धर्मशास्त्रकारांच्या काळापर्यंत ब्राह्मणांच्या दृष्टीने भ्रष्ट ठरला होता. आरट्टांच्या देशात जाऊन आलेल्याने शुद्धीसाठी यज्ञ करावा, असे बौधायन धर्मसूत्र सांगते. महाभारताच्या कर्णपर्वात कर्णाने मद्र व बाह्लीक लोकांची जी निर्भर्त्सना केली आहे, तीत शाकल नगराचा नामनिर्देश आहे. त्याचा मुख्य आक्षेप असा की, या देशात माणूस आज ब्राह्मण असतो, मग क्षत्रिय होतो, वैश्य होतो, शूद्र होतो, न्हावी होतो आणि पुन्हा ब्राह्मण होतो. कर्णाच्या तोंडी जी शिवी आहे तीच गोष्ट पाली वाङ्मयात युक्तिवाद म्हणून येते. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा दावा करणाऱ्या ब्राह्मण तरुणाला भगवान बुद्ध विचारतात की, यवन व कांबोज यांच्या सीमावर्ती देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि आर्याचा दास व दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस काय? दास्य तेथेही होते, हे विसरून चालणार नाही. परंतु ते जन्माने चिकटलेले नव्हते. चातुर्वर्ण्य हा या भूमीचा सनातन स्वभाव नसून तो तेथे नंतर घट्ट बसविला गेला, याचा हा दुहेरी पुरावा आहे. आणि त्यातील एक साक्ष प्रतिपक्षाची असल्यामुळे ती अधिक मोलाची आहे.

मौर्यांच्या काळात तक्षशिला हे वायव्येकडील कारभाराचे केंद्र होते. दिव्यावदानातील कथेनुसार बिंदुसाराच्या कारकिर्दीत तेथे बंड झाले व राजपुत्र अशोकाला ते शमविण्यासाठी पाठविण्यात आले. नगरवासी त्याला सामोरे गेले आणि म्हणाले की, आमचा विरोध राजपुत्राला नाही, राजालाही नाही. दुष्ट अमात्य आमचा अपमान करतात. पंजाबच्या जनतेचा राज्यकर्त्यांविषयीचा हा अतिशय जुना अभिप्राय मानावयास हरकत नाही. राजा दूर असतो. अपमान करणारा दारात असतो.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मिलिंद ऊर्फ मिनँडर सागलला राज्य करीत होता. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात त्याचा भिक्खू नागसेनांशी झालेला संवाद आहे. त्यातील रथाचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो वादापूर्वीचा प्रसंग. तुम्ही पंडितांच्या पद्धतीने बोलणार असाल तर मी बोलेन, राजांच्या पद्धतीने बोलणार असाल तर बोलणार नाही, असे नागसेन राजाला बजावतात. पंडितांच्या वादात गाठी मारल्या जातात व सोडविल्या जातात, चूक दाखविली जाते, हार मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो ते मानीत नाही त्याला दंड करतो. मिलिंदाने पंडितांची पद्धत पत्करली. सत्ताधीशाने स्वतःच्या नगरात, स्वतःच्या पाचशे यवनांसमक्ष, हरण्याची तयारी ठेवून वादाला बसावे, ही घटना जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या रक्षेसाठी नगरे आपसांत भांडली व ती वाटून घेऊन त्यांनी स्मारके उभारली, असे ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. भगवंतांच्या अस्थींच्या विभागणीची आठवण व्हावी अशीच ही हकीकत आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ग्रंथातील कथेप्रमाणे नागसेन जन्माने ब्राह्मण कुळातले होते. राजा पंडितासमोर नमला हे खरे. पण तो पंडित गावकुसाबाहेरून आलेला असता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर 'मिलिंदपञ्ह' देत नाही. सागलच्या वर्णनात तेथील बाजार, वस्त्रे, रत्ने व धान्यकोठारे येतात. शेतात राबणाऱ्याचा शोध त्यातून लागत नाही. मात्र वरील प्रश्नाचे उत्तर त्याच नगरातून सुमारे साडेसहाशे वर्षांनी मिळाले.

मधल्या काळात कुशाणांच्या आश्रयाने पंजाबात धम्म खोल रुजला. कनिष्काच्या वेळची संगीती काश्मीरात नव्हे तर जालंधरला झाली, अशीही एक परंपरा आहे. पंजाबच्या फतेहगढ साहिब जिल्ह्यातील संघोल येथे स्तूपाचे अवशेष आहेत. १९८५ साली त्या स्तूपाजवळ मथुरेच्या तांबड्या दगडात घडविलेल्या कुशाणकालीन कठड्याचे स्तंभ व इतर शिल्पे मिळून ११७ वस्तू सापडल्या. त्या उद्ध्वस्त होऊन विखुरलेल्या नव्हत्या. सुट्या करून एकावर एक रचून पुरलेल्या होत्या. ज्यांनी त्या पुरल्या त्यांना काही येत असल्याची चाहूल लागली असावी आणि परत येऊन आपण त्या उभ्या करू अशी आशाही असावी. ते परत आले नाहीत.

सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात हूण राजा मिहिरकुल याची राजधानी शाकल होती. ह्युएन त्संग याने त्याची जी हकीकत ऐकून लिहून ठेवली, ती प्रत्येक आंबेडकरी वाचकाने मुळातून वाचावी अशी आहे. मिहिरकुलाला बौद्ध धम्म जाणून घेण्याची इच्छा झाली. आपल्याकडे एक विद्वान भिक्खू पाठवावा, अशी त्याने संघाला आज्ञा केली. थोर भिक्खू त्याच्या क्रौर्याला भिऊन पुढे येईनात. पूर्वी राजवाड्यात नोकर असलेला एक वृद्ध बऱ्याच काळापासून चीवर धारण करून होता. तो बोलका व तर्ककुशल होता. संघाने त्याला पाठविले. राजा संतापला. बुद्धाच्या धम्माविषयी मला आदर वाटत होता, म्हणून मी विद्वान मागितला आणि संघाने माझ्याशी बोलायला एक नोकर पाठविला! एवढ्यावरून त्याने पाचही प्रदेशांतून बुद्धशासनाचा नायनाट करण्याचा हुकूम सोडला.

ह्युएन त्संगने हे मिहिरकुलानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिले. १६०० स्तूप व विहार पाडल्याचा त्याचा आकडा आधुनिक इतिहासकार जसाच्या तसा स्वीकारीत नाहीत, व ते योग्यच आहे. परंतु लोकांच्या स्मरणात विध्वंसाचे कारण म्हणून काय उरले, हे महत्त्वाचे आहे. कथा सांगणाऱ्यांना मिहिरकुलाचा राग मूर्तीवरून किंवा संपत्तीवरून आला असे वाटले नाही. सेवकाने राजाशी बरोबरीने बोलावे, यावरून तो आला असे वाटले. भिक्खू संघाच्या लेखी चीवर धारण केल्यावर त्याचे पूर्वीचे नोकरपण संपले होते. राजाच्या लेखी ते संपले नव्हते. मिहिरकुल शिवभक्त होता, हे मंदसोरच्या शिलालेखावरून ठाऊक आहे. आणि गांधारच्या ब्राह्मणांनी त्याच्याकडून अग्रहार स्वीकारले, असे कल्हणाने 'राजतरंगिणी'त नापसंतीने नमूद केले आहे. परकीय हूण आणि एतद्देशीय वर्णव्यवस्था यांची गाठ पडण्यास फार दिवस लागले नाहीत.

तरीही सातव्या शतकात ह्युएन त्संग स्वतः आला तेव्हा जालंधरला सुमारे ५० विहार व २००० भिक्खू होते. तेथे तो चार महिने राहून शिकला. शाकलला मात्र एकच विहार व शंभरेक भिक्खू उरले होते. त्यानंतर ४०० वर्षांनी, गझनीच्या महमुदाबरोबर आलेला अल्बेरुनी पंजाबात राहून संस्कृत शिकला व सुमारे १०३० साली त्याने आपला ग्रंथ पुरा केला. बौद्धांची मते सांगताना तो कबुली देतो की, आपल्याला बौद्धांचा एकही ग्रंथ मिळाला नाही आणि माहिती देऊ शकेल असा एकही बौद्ध भेटला नाही. बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची कारणमीमांसा करताना बाबासाहेबांनी ब्राह्मणी प्रतिक्रांतीबरोबर मुस्लिम आक्रमणांनाही मोठे स्थान दिले आहे, आणि नालंदा व विक्रमशिलेच्या बाबतीत ते कोणी नाकारणार नाही. पंजाबचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. तेथे तुर्कांचे राज्य बसत होते त्याच वेळी बौद्ध विचारायलासुद्धा उरला नव्हता. ५० विहारांचे ते जालंधर तलवारीच्या आधीच रिकामे झाले होते.

अल्बेरुनीला बौद्ध दिसला नाही. पण अंत्यज दिसले. चांभार, परीट, डोंबारी, बुरूड, नावाडी, कोळी, पारधी व विणकर अशा आठ धंद्यांचे लोक गावांच्या व नगरांच्या जवळ परंतु बाहेर राहतात, आणि हाडी, डोम, चांडाळ यांची तर यांतही गणना होत नाही, असे त्याने लिहिले आहे. तो बाहेरून आलेला, गणिती बुद्धीचा माणूस होता. जे दिसले ते त्याने लिहिले, आणि जे दिसले ते गावकूस होते.

राज्यकर्ता बदलला तरी नियम तोच राहतो, याचे जुने उदाहरण पंजाबला लागून असलेल्या सिंधमध्ये सापडते. 'चचनामा' या ग्रंथानुसार ब्राह्मण राजा चच याने जाटांवर बंधने घातली होती. त्यांनी तलवार बाळगू नये, रेशीम वापरू नये, खोगिराविना घोड्यावर बसावे, अनवाणी व उघड्या डोक्याने चालावे आणि बाहेर पडताना कुत्रा बरोबर ठेवावा. इ.स. ७१२ मध्ये अरब सेनापती महंमद बिन कासिम याने सिंध जिंकला. या जाटांचे काय करावे, असे त्याने विचारले. पूर्वीच्या मंत्र्याने जुने नियम सांगितले. ते त्याने तसेच चालू ठेवले. पेशवाईतील पुण्याचे नियम ज्यांच्या पूर्वजांनी सोसले त्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

या जाटांचे पुढे जे झाले त्यात पंजाबच्या ग्रामव्यवस्थेचे मर्म आहे. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखविल्याप्रमाणे गुरे राखणारे हे लोक हळूहळू सिंधमधून उत्तरेकडे सरकले, रहाटगाडग्याच्या साहाय्याने शेती करू लागले आणि अकबराच्या काळापर्यंत पंजाबच्या मोठ्या भागात जमीनदार झाले. ज्यांना उघड्या डोक्याने चालविले गेले तेच गावाचे धनी झाले, ही आनंदाची घटना ठरली असती. परंतु त्यांच्या खाली चूहडा आणि चमार होते. पायरी चढणाऱ्याने शिडी मोडली नाही. गझनवी, गुलाम, खिलजी, तुघलक, लोदी व मोगल या घराण्यांच्या काळातील इक्ते, जहागिरी आणि महसुलाच्या पद्धती यांचे वर्णन इतरत्र भरपूर मिळते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचा निष्कर्ष एका वाक्यात येतो : महसूल घेणारा बदलला, जमीन कसणारा काही ठिकाणी बदलला, मेलेले ढोर ओढणारा बदलला नाही.

शीख गुरूंनी या व्यवस्थेला धक्का दिला, याविषयी शंका नाही. गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) परंपरेत संगत व लंगर यांनी सहभोजन हा धर्माचा भाग केला. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात चर्मकार संत रविदास, विणकर कबीर आणि आपल्या महाराष्ट्राचे शिंपी नामदेव यांच्या रचना गुरूंच्या रचनांबरोबर आल्या. नामदेवांचे स्मारक गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे आहे. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर त्यांचे शिर आनंदपूरला पोहोचविणारा भाई जैता चूहडा समाजातील होता. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांना भेटून पंजाबकडे निघालेल्या बंदासिंग बहादुराने मे १७१० मध्ये सरहिंद जिंकले. हलक्या मानल्या गेलेल्या जातीचा झाडूवाला किंवा कातडी कमावणारा घर सोडून त्याला मिळे आणि थोड्याच दिवसांत नेमणुकीचा हुकूम घेऊन आपल्याच गावी अधिकारी म्हणून परते; तो वेशीवर येताच गावचे प्रतिष्ठित हात जोडून उभे राहत, अशा आशयाचे वर्णन इतिहासकार विल्यम अर्विन याने केले आहे. पंजाबच्या साऱ्या इतिहासात अस्पृश्य हा राज्यकर्ता म्हणून आपल्या गावात शिरला तो एवढाच काळ. तो पाच-सहा वर्षे टिकला. डिसेंबर १७१५ मध्ये बंदा पकडला गेला व जून १७१६ मध्ये दिल्लीत त्याचे हालहाल करण्यात आले.

त्यानंतर नादिरशहा व अहमदशहा अब्दाली यांच्या स्वाऱ्या झाल्या. जे खाल्ले-प्यायले तेवढे आपले, उरले ते अहमदशहाचे, अशा अर्थाची म्हण पंजाबी बोलीत राहून गेली. एप्रिल १७५८ मध्ये रघुनाथरावाच्या फौजा लाहोरात शिरल्या; 'अटकेपार झेंडा' या शब्दांनी मराठी मन अजून फुलते. पुढच्याच वर्षी अब्दालीने तो प्रांत परत घेतला. या दोन झेंड्यांमधील फरक पंजाबच्या खेडुताला कितपत कळला असेल, याचा विचार आपल्या बखरकारांनी केला नाही.

१७९९ साली रणजितसिंगाने लाहोर घेतले. त्याच्या दरबारात फकीर अजिजुद्दीन होता, डोग्रे होते, ब्राह्मण होते, फ्रेंच सेनानी होते. त्याच्या सैन्यात मजहबी, म्हणजे चूहडा समाजातून आलेले शीखही होते. तो उदार राजा होता. परंतु खालशाची समता तोपर्यंत मिसलींच्या सरदारांच्या गढ्यांत अडकली होती आणि जमीन सरदारांची झाली होती. पंथाने ज्याला 'सिंग' केले त्याला गावाने मजहबीच ठेवले. १९२० सालची एक घटना पुरेशी बोलकी आहे. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला अस्पृश्य मानलेल्या जातींतून नव्याने दीक्षा घेतलेले शीख अमृतसरच्या सुवर्णमंदिरात प्रसाद घेऊन गेले, तेव्हा पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीला त्या दिवसापासून वेग आला, हे त्या नकाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या शिखांच्या श्रेयाचे आहे. पण नकार झाला होता.

२९ मार्च १८४९ रोजी इंग्रजांनी पंजाब खालसा केला. येथून पुढचा भाग सविस्तर पाहिला पाहिजे. कारण आतापर्यंत जी रूढी होती ती इंग्रजांनी कागदावर आणली. जमाबंदी करताना त्यांनी गावोगावच्या मालकांची यादी केली आणि गावचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात लिहून घेतले. लिहून देणारे अर्थातच मालक होते. गावाची सामाईक जमीन, जिला तेथे शामलात म्हणतात, ती मालकांच्या समूहाची ठरली. चमाराची झोपडी ज्या जागेवर होती ती जागाही त्याची नव्हती. घराबद्दल त्याला 'कुडी कमिनी' नावाची पट्टी द्यावी लागे. कामाचे नाते 'सेपी'चे. आपल्याकडील बलुत्यासारखे ते होते, पण एक फरक होता. महाराला वतनाची हाडकी-हाडोळ्याची जमीन असे. त्या जमिनीच्या तुकड्याने त्याला गावाच्या चाकरीला बांधले, म्हणून बाबासाहेब महार वतनाविरुद्ध आयुष्यभर झगडले. पंजाबच्या अस्पृश्याला बांधून ठेवण्यासाठी तेवढा तुकडाही खर्ची पडला नाही.

पुढे १८९२ पासून चिनाबच्या कालव्यावर नव्या वसाहती वसविण्यात आल्या. ल्यालपूर (आताचे फैसलाबाद) हे नगर त्यातूनच उभे राहिले. लाखो एकर पडीक जमीन पाण्याखाली आली. कोणाचीही मालकी नसलेली जमीन वाटण्याची अशी संधी सरकारला शतकांतून एकदा मिळते. ती जमीन काही मजहबी सैनिकांसारखे अपवाद वगळता जमीन असलेल्या जातींनाच देण्यात आली. त्यावर कळस म्हणून १९०० सालचा पंजाब जमीन हस्तांतरण कायदा आला व १९०१ पासून लागू झाला. सावकारांपासून शेतकऱ्याला वाचविणे हा त्याचा सांगितलेला हेतू होता. त्यासाठी जिल्हावार 'शेतकरी जमाती' जाहीर झाल्या आणि त्यांच्याबाहेरच्यांना शेतजमीन विकत घेण्यास बंदी झाली. ही यादी जातींची होती, नांगर धरणाऱ्यांची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबणारा चमार व चूहडा 'बिगरशेतकरी' ठरला. खत्री व बनिया यांनी या कायद्याविरुद्ध वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ केला. अस्पृश्यांच्या वतीने बोलणारा तेव्हा कोणी नव्हता. मनूने शूद्राला संपत्तीचा संचय नाकारला होता. लंडनच्या उदारमतवादी राजवटीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तेच कलमबद्ध केले.

सैन्यातही तोच प्रकार झाला. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांना मजहबी हवे होते. त्यांच्या पायोनियर पलटणी दिल्लीच्या वेढ्यापासून अनेक मोहिमांत लढल्या. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्या मोडण्यात आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाची निकड लागताच १९४१ साली मजहबी व रामदासिया शिखांची पलटण पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. महारांची भरती १८९२ साली बंद झाली होती. दोन्ही प्रांतांच्या अस्पृश्यांना साम्राज्याने एकाच पद्धतीने वापरले व टाकले.

अस्पृश्यांनी मात्र वाट पाहिली नाही. सियालकोट जिल्ह्यात, म्हणजे मिलिंद व मिहिरकुल यांच्या सागलच्या परिसरात, १८७३ साली दित्त नावाच्या कातड्याचा व्यापार करणाऱ्या एका लंगड्या चूहड्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मिशनऱ्यांनी त्याला शोधले नव्हते. तो त्यांच्याकडे चालत गेला आणि दीक्षा घेऊन आपल्या माणसांत परतला. त्याच्या मागोमाग हजारो लोक आले. आज पाकिस्तानी पंजाबातील ख्रिस्ती समाज बहुतांशी त्यांचा वंशज आहे. होशियारपूर जिल्ह्यातील मुग्गोवालचे मंगूराम (१८८६–१९८०) १९०९ साली अमेरिकेत मजुरीला गेले, गदर चळवळीत पडले आणि १९२५ साली परतले. परतल्यावर त्यांना दिसले की, देश स्वतंत्र करण्याची भाषा बोलणाऱ्या गावात आपली जागा होती तेथेच आहे. जून १९२६ मध्ये त्यांनी आदधर्म मंडळ स्थापन केले. आम्ही हिंदू नाही, शीख नाही, मुसलमान नाही. आम्ही या भूमीचे मूळ रहिवासी व आमचा धर्म आदधर्म, अशी त्यांची घोषणा होती. १९३१ च्या जनगणनेत ४,१८,७८९ लोकांनी आपला धर्म 'आदधर्मी' असा नोंदविला. मालकांच्या दहशतीला न जुमानता हा आकडा उभा राहिला. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचे नेते डॉ. आंबेडकर हेच आहेत, अशा तारा पंजाबातून लंडनला गेल्या, त्यामागे हेच मंडळ होते.

वंशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांचे मत मंगूरामांहून निराळे होते. पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चमार एकाच वंशाचे आहेत, असे त्यांनी ज्या भाषणात ठामपणे लिहिले ते भाषण पंजाबच्या राजधानीसाठीच तयार केले होते. १९२२ साली लाहोरात स्थापन झालेल्या जात-पात तोडक मंडळाने डिसेंबर १९३५ मध्ये त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा दोनच महिने झाले होते. मंडळाची माणसे, विशेषतः संतराम, प्रामाणिक होती, हे मान्य केले पाहिजे. जातीविरुद्ध बोलणारी सवर्णांची दुसरी संघटना उत्तर भारतात त्या वेळी क्वचितच सापडली असती. परंतु भाषणाचा मसुदा हाती पडताच त्यांचा धीर सुटला. वेदशास्त्रांच्या प्रामाण्यावरचा हल्ला त्यांना नको होता आणि हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असे वक्त्याने म्हणणेही नको होते. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. मे १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वखर्चाने १५०० प्रती छापून प्रसिद्ध केले.

सागलपासून लाहोर फार दूर नाही. एका यवन राजाने पंडितांच्या पद्धतीने बोलण्याचे वचन दिले व पाळले. दुसऱ्याने, भिक्खू झालेल्या सेवकाला पाहून, राजाची पद्धत स्वीकारली. १९३६ साली लाहोरात राजा कोणी नव्हता. सुधारक होते, पदवीधर होते, आणि वादाचे आमंत्रणही त्यांनीच दिले होते. जो बोलणार होता तो मात्र यावेळी त्यांच्याहून अधिक विद्वान होता. मिहिरकुलाने निदान त्या वृद्धाला समोर तरी येऊ दिले होते.

१९४७ साली पंजाबची फाळणी झाली. हिंदू, शीख व मुसलमान यांच्या कत्तलींचा इतिहास सर्वश्रुत आहे. पश्चिम पंजाबातील अस्पृश्यांची कोंडी त्यात झाकली गेली. सफाईचे काम अत्यावश्यक सेवा ठरवून पाकिस्तान सरकार त्यांना बाहेर पडू देत नव्हते. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून याकडे लक्ष वेधले, आणि जे पूर्व पंजाबात पोहोचले त्यांचीही आबाळ होत असल्याची तक्रार केली. निर्वासितांना जमीन मिळाली ती मागे सोडलेल्या जमिनीच्या हिशेबाने. ज्याने मागे काही सोडलेच नव्हते त्याला काय देणार? १९०० चा कायदा नव्या राज्यघटनेच्या अंमलात १९५१ साली रद्द झाला. त्याच वर्षी, मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर महिन्याभराने, ऑक्टोबरच्या अखेरीस बाबासाहेब जालंधर, लुधियाना व पतियाळा येथे आले. लाहोरने न ऐकलेला आवाज पंजाबने जालंधरला ऐकला. त्याच जालंधरहून १९५८ पासून लाहौरीराम बाली 'भीम पत्रिका' काढू लागले. ह्युएन त्संगने पाहिलेल्या ५० विहारांच्या गावी बुद्धाचे नाव पुन्हा छापून येऊ लागले.

पुढील पिढीत रोपड जिल्ह्यात जन्मलेले कांशीराम पुण्याला नोकरीनिमित्त आले, येथील सहकाऱ्यांकडून त्यांना बाबासाहेबांचे ग्रंथ मिळाले आणि त्यातून बामसेफ (१९७८) व बहुजन समाज पक्ष (१९८४) उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत पंजाबमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण ३१.९४ टक्के होते. भारताच्या कोणत्याही राज्यात ते एवढे नाही. त्यांच्या ताब्यातील शेतजमीन मात्र राज्याच्या शेतजमिनीच्या चार टक्क्यांहूनही कमी. हरितक्रांतीचे पाणी, खत व हमीभाव जमिनीच्या मालकाकडे गेले. जालंधरजवळच्या तल्हण गावी २००३ साली दलितांनी स्थानिक धर्मस्थानाच्या व्यवस्थापनात वाटा मागितला, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला.

१९६१ च्या कायद्याने शामलात शेतजमिनीचा तिसरा हिस्सा अनुसूचित जातींना लिलावाने खंडाने देण्यासाठी राखून ठेवला आहे. कित्येक वर्षे हा लिलाव होई तो असा : जमीनदार आपल्याच एखाद्या दलित गड्याला पुढे करी, बोली त्याच्या नावावर लागे आणि नांगर जमीनदाराचा चाले. २०१४ पासून संगरूर व आसपासच्या जिल्ह्यांत जमीन प्राप्ती संघर्ष समितीने ही पद्धत अडविली. गावातील दलित कुटुंबांनी पैसे एकत्र करून सामाईक बोली लावली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास सोसला, आणि काही गावांत हा तिसरा हिस्सा त्यांच्या हाती आला. तेथे गहू व भात पिकतो, आणि एक तुकडा चाऱ्यासाठी राखलेला असतो. त्या गावांतील बायका पूर्वी म्हशीच्या चाऱ्यासाठी मालकाच्या बांधावर जात व त्याची शिवी ऐकून विळा चालवीत. आता त्या आपल्या शेतातले गवत कापतात.